न निवलेलं प्लास्टर

१

रोज साडेनऊला कुरियरवाला थर्माकोलचा डबा टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "घ्या ताई, आजची तोंडं." अकरा वर्षांत ताई या विनोदाला एकदाही हसली नव्हती आणि त्यानंही आशा सोडली नव्हती. मग तो पाणी प्यायचा, बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसलेल्या बाबांना "बरंय ना बाबा?" असं विचारायचा आणि निघून जायचा. बाबांची कवळी ताईनंच केलेली होती, त्यामुळे उत्तरादाखल बाबा त्याला सगळे दात दाखवत.

ताईचं काम साधं होतं, निदान सांगायला. दातांचे डॉक्टर गुलाबी मऊ पदार्थ भरलेला धातूचा ट्रे पेशंटच्या तोंडात दाबतात. दोन-तीन मिनिटांत तो पदार्थ रबरासारखा होतो आणि बाहेर काढला की त्यात दातांचा ठसा असतो. ओल्या फडक्यात गुंडाळलेले असे ठसे चिठ्ठीसकट ताईच्या लॅबमध्ये येत आणि ती त्यांत प्लास्टर ओतायची. प्लास्टर घट्ट होताना आधी गरम होतं, मग निवतं. निवलं की ठसा सोलून काढायचा. हातात राहतं ते त्या माणसाच्या दातांचं पांढरं मॉडेल, आणि त्यावर बेतून कवळी करायची. माणसं स्वतः कधी यायची नाहीत. ताईला त्याचं काडीचंही दुःख नव्हतं, बोलणाऱ्या तोंडांपेक्षा तिला ही तोंडं बरी वाटत.

त्या मंगळवारी चिठ्ठ्या सात होत्या आणि ट्रे आठ. आठवा लहान मुलांच्या मापाचा होता. त्यावर दवाखान्याचा शिक्का नव्हता, फडकं मात्र नीट ओलं होतं. चिठ्ठी गळून पडायला काय लागतं, असं पुटपुटत ताईनं आठही ठशांत प्लास्टर ओतलं, ते ओळीनं मांडले आणि ती चहा करायला गेली. पाऊण तासानं तिनं एकेकावर हात ठेवून बघितलं. सात निवले होते, आठवा गरम होता. शेवटी ओतला म्हणून असेल, असं वाटून ती जेवून आली. अडीच वाजताही तो तेवढाच गरम होता, तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळासारखा. पाणी कमी पडलं असेल, पुडा जुना असेल, असं स्वतःला समजावत तिनं ठसा सोलला.

वरच्या दातांची ओळ होती. समोरचा उजवा दात तिरका तुटलेला, आणि त्याच्या शेजारचा जरासा वळून उभा, अर्धवट लोटलेल्या दारासारखा. ताईनं ते मॉडेल उजेडात धरलं. हे तोंड तिनं एकतीस वर्षांपूर्वी शेवटचं पाहिलं होतं आणि तेवढ्या काळात ते एका दिवसानंही वाढलेलं नव्हतं. थोड्या वेळानं तिनं ते मॉडेल सगळ्यात खालच्या खणात टाकलं आणि उरलेली सात पूर्ण करायला घेतली.

२

समोरचा दात कितीतरी मुलांचा तुटतो. मुलं पडतात, आपटतात, दातांनी झाकणं उघडतात. शेजारचा दात वाकडा असलेली मुलंही गल्लोगल्ली सापडतील. ताई हे सगळं जाणून होती, आणि घाबरायचं झालं तरी आधी फोन करून खात्री करणाऱ्यांपैकी ती होती. तिनं काम पाठवणाऱ्या पाचही दवाखान्यांना विचारलं.

"अहो ताई, लहान मुलाचा ठसा मी या महिन्यात घेतलेलाच नाही," शेवटच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "आणि चिठ्ठीशिवाय मी कधी काही पाठवते का?"

बुधवारी कुरियरवाल्यानं खांदे उडवले. "मी सात उचलले, सात ठेवले. आठवा तुमच्याकडेच जन्माला आला असेल."

बुधवारच्या डब्यात चिठ्ठ्या पाच होत्या आणि ट्रे सहा.

या वेळी ताईनं तो जादा ठसा ओतला नाही. तिनं त्यावरचं फडकं काढलं आणि ट्रे खिडकीत भर उन्हात ठेवला. तो पदार्थ उघडा राहिला की तासाभरात आक्रसतो, दुपारपर्यंत त्याचं चामडं होतं. फुकट गेला की पीडा टळली, असा तिचा साधा विचार होता. पण दुपारी चारला ठसा होता तसाच होता, ओला आणि गुबगुबीत. तिनं दिवा जवळ ओढून आत पाहिलं. शेजारचा दात वळलेलाच होता, पण समोरचा दात सबंध होता. तुटलेला दात पुन्हा उगवत नाही, म्हणजे हा ठसा कालच्या ठशाच्या आधीचा असणार. हे वाक्य मनात पुरं झालं आणि तिला स्वतःच्याच अकलेची कीव आली. मग तिला दिसलं की टाळू उमटायच्या जागी जीभ उमटली होती. वर दाबली गेलेली, कडेनं कुठून बाहेर पडता येतं का ते बघणारी जीभ.

तिनं खालचा खण उघडला. कालचं मॉडेल अजून गरम होतं, त्याच्याखालच्या कागदाला तपकिरी डाग पडला होता.

"ताई," बाहेरून बाबांनी हाक मारली, "कुणाशी बोलतेयस?"

"कुणाशी नाही बाबा."

"मग मोजतंय कोण?"

ताई दारात येऊन उभी राहिली आणि कान देऊन ऐकत राहिली. तिला फक्त फ्रिजची घरघर ऐकू आली. बाबांचं वय झालंय, असं तिनं मनाशी म्हटलं. खरं तर बाबांचे कान तिच्यापेक्षा तिखट होते.

३

ते तोंड जिचं होतं तिला सगळी शाळा टिटवी म्हणायची, कारण तिची टकळी सकाळपासून जी सुरू व्हायची ती थांबायचं नाव घ्यायची नाही. टिटवीची आई याच लॅबमध्ये ट्रे धुवायची, तेव्हा लॅब बाबा चालवत; ताई तिला मावशी म्हणायची. शाळा सुटली की दोघी मुली लॅबच्या मागच्या खोलीत असायच्या. एकीला लागलं की दुसरी रडायची, एकीला ओरडा बसला की दुसरी जेवायची नाही. इतकं गूळपीठ होतं की बाबा कधीकधी दोघींना एकाच नावानं हाक मारत.

मग ताईची आई घर सोडून गेली. कुणाबरोबर गेली ते मोठ्यांना ठाऊक होतं, आणि दाराआडून ऐकून ताईलाही कळलं होतं. तिनं ते फक्त टिटवीला सांगितलं, गळ्याची शपथ घालून. टिटवीच्या पोटात काही राहायचं नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीपर्यंत ते सगळ्या वर्गाला माहीत झालं होतं, आणि मुली ताईभोवती कोंडाळं करून विचारत होत्या की आता नवीन आई येणार की जुनीच परत आणणार. टिटवीही त्या कोंडाळ्यात होती. ती हसत नव्हती, पण हात धरून ताईला बाहेरही काढत नव्हती.

त्याच आठवड्यात ते घडलं. लोकांना ताईनं सांगितलं ते असं : टिटवीनं पिंपातलं प्लास्टर चोरलं, पाण्यात कालवलं आणि गंमत म्हणून स्वतःच तोंडात कोंबलं. मनाशी ती जे सांगत आली ते जरा निराळं होतं : दोघी डॉक्टर-डॉक्टर खेळत होत्या, गुलाबी पदार्थाच्या जागी चुकून प्लास्टर घेतलं गेलं, आणि ते तोंडात तापतं हे नऊ वर्षांच्या पोरीला कुठून कळणार? शेवटी बाबांनी पकडीनं प्लास्टर फोडून काढलं होतं, त्यात टिटवीचा दात तुटला. जीभ आणि टाळू भाजून निघाले होते. पुढे सहा महिने ती बोलली नाही, आणि बोलायला लागली तेव्हा तिचं बोलणं कुणाला समजेना. चोरट्या पोरीची आई लॅबमध्ये नको, म्हणून बाबांनी मावशीला कामावरून काढलं. या दोन हकिगतींपैकी खरी कोणती हा प्रश्न ताईला कधी पडला नाही, कारण दोन्हींत ती सुटत होती.

४

गुरुवारच्या डब्यातला जादा ठसा तिनं ओतला. का ओतला ते तिला सांगता आलं नसतं, हाताला सवय होती एवढंच. अर्ध्या तासानं तिनं तो सोलला तेव्हा प्लास्टर ट्रेपेक्षा मोठं निघालं. त्या ट्रेत एवढं मावणंच शक्य नव्हतं. दातांखाली ओठ होते, ओठांखाली हनुवटी होती, आणि हनुवटीवर खळगे होते. एका गालाकडे चार आणि दुसऱ्या गालाकडे एक, सगळे लहान. कुणीतरी मागून जबडा धरून वर दाबल्यावर उमटतील तसे. ताईनं त्यांत आपली बोटं बसवून पाहिली, ती मावली नाहीत. पण चारांतल्या पहिल्या खळग्याचा शेवट चपटा होता. ताईच्या उजव्या हाताची तर्जनी ती सात वर्षांची असताना दारात चेंगरली होती आणि तेव्हापासून तिचं टोक चपटं होतं.

ती ते मॉडेल घेऊन बाबांच्या पुढ्यात उभी राहिली. बाबांनी चष्मा लावला आणि काम तपासताना फिरवत तसा अंगठा त्यावरून फिरवला.

"हे कुठून काढलंस?" ते म्हणाले. "हे मी तेव्हाच फोडून टाकलं होतं."

"काय फोडून टाकलं होतं?"

"तिच्या तोंडातून निघालेला तुकडा. प्लास्टर ओघळून हनुवटीपर्यंत आलेलं. त्यावर तुझी बोटं होती. हे चपटं बोट कुणाचं, ते मला कळणार नाही होय?"

"म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं."

"माहीत म्हणजे? कुणाची लेक वाचवायची ते ठरवायला मला काही फार वेळ लागला नाही." बाबांनी तोंडातल्या तोंडात कवळी सारखी केली. "आणि ते चुकून घेतलं वगैरे मला सांगू नकोस. सहा वर्षांची होतीस तेव्हापासून तू मला कालवून द्यायचीस. गुलाबी कुठलं नि पांढरं कुठलं, झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतंस."

बाबांच्या आवाजात ना राग होता ना कसली खंत. एकतीस वर्षं ते तिच्या हातचा चहा पीत होते, तिनं केलेल्या दातांनी जेवत होते, आणि रोज सकाळी तिच्याकडे बघताना त्यांना हे ठाऊक होतं. तिला त्यांची किळस आली आणि लगेच स्वतःची.

"ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला आहे," बाबा म्हणाले. "मावशी तिच्यापाशीच असते. जायचं तर जा, मला त्यात ओढू नकोस." मॉडेल परत देताना ते थांबले. "पण हे अजून गरम कसं गं?"

५

लाँड्रीत यंत्रांचा इतका आवाज होता की कुणी बोललं काय, न बोललं काय, सारखंच. चाळिशीची एक रुंद बाई लांबलचक टेबलावर चादरींच्या घड्या घालत होती. तिनं मान वर केली आणि ताईला ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"धर," असं म्हणून टिटवीनं चादरीची दोन टोकं तिच्या हातात दिली. तिचा एकेक शब्द जाड होऊन बाहेर येत होता, पण जवळून समजत होता. "हाताला काम असलं की बोलायला बरं."

दोघी चादर ताणून उभ्या राहिल्या. ताईनं ठशांबद्दल सगळं सांगितलं आणि विचारलं, "तू पाठवतेस का ते?"

टिटवीला नवल वाटलेलं दिसलं नाही. ती हसली, तेव्हा तुटका दात दिसला.

"म्हणजे ते तुझ्याकडे गेलं होय? इतकी वर्षं तोंडात निखारा होता गं. सगळं गार करून खायचं. डॉक्टर म्हणायचे की आत काही नाही, मनाचे खेळ आहेत. मंगळवारी सकाळी उठले तर गार. काल मी वाफाळता चहा प्यायले. दोन कप प्यायले."

"मला माफ कर."

"केलं." टिटवीनं चादरीची घडी घालून पुढची उचलली. "पण ते मी पाठवतच नाहीये, तर माझ्या माफीनं थांबेल कसं?"

"मी लहान होते गं."

"मी तुझ्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान होते." तिनं टोकं जुळवली. "किती मोजलं होतंस, आठवतं?"

ते ताईला आठवत होतं. बाबांनी तिला शिकवलं होतं, हात दाबून धर, दोनशे मोज, मग सोड. "दोनशे," ती म्हणाली.

"दोनशे झाल्यावर मी तुझ्याकडे बघितलं. बोलता येत नव्हतं, डोळ्यांनीच म्हटलं की झालं ना, काढ आता. तू पण बघितलंस माझ्याकडे. आणि परत एकपासून सुरू केलंस."

ताईच्या हातातून चादर सुटली. मागच्या खोलीतली फरशी आठवली, त्या फरशीवर धडधड आपटणाऱ्या टिटवीच्या टाचा आठवल्या, तळहाताला लागणारा चटका आठवला. भीती त्यात कुठेच नव्हती, ती नंतर बाबा धावत आले तेव्हाची. त्या वेळी तिला मजा वाटत होती. आईबद्दल बोललेलं ते तोंड आपल्या मुठीत आहे, याची तिला मजा वाटत होती, आणि दुसऱ्यांदा मोजताना तिनं आकडे मुद्दाम सावकाश म्हटले होते.

टिटवीनं खाली पडलेली चादर उचलून झटकली.

"आई अजून मला चोरटी म्हणते. नावानं हाक मारत नाही, चोरटे म्हणूनच बोलावते. मी एकदा खरं सांगायला गेले तर मुस्काटात मारली, मालकाच्या लेकीवर आळ घेतेस म्हणून. आता डॉक्टरांनी तिचे दिवस सांगितलेत, महिना काढला तर खूप. तू सांगितलंस तर ती ऐकेल. मरायच्या आधी तिनं एकदा मला माझ्या नावानं हाक मारावी, बाकी तुझ्याकडून मला काहीही नको."

"सांगते," ताई म्हणाली. "आत्ता चल." त्या घटकेला ते तिच्या मनापासून आलं होतं.

६

लाँड्रीच्या मागच्या गल्लीत त्यांची एक खोली होती. खाटेवर मावशी उशांना टेकून बसली होती, इतकी वाळलेली की पांघरुणाखाली कुणी आहे असं वाटत नव्हतं. खाटेशेजारी स्टुलावर पाण्याचं स्टीलचं भांडं होतं.

"कोण? ताई? मालकांची ताई?" मावशीनं दोन्ही हातांनी तिचा हात धरला. "माझ्या दारात? अगं, बस, बस. चोरटे, खुर्ची दे तिला."

टिटवीनं खुर्ची दिली आणि ती दाराशी जाऊन हाताची घडी घालून उभी राहिली.

"मावशी," ताईनं सुरुवात केली, "तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी लॅबमध्ये..."

तिची जीभ गरम झाली. ऊबदारशी सुरुवात होती, कोमट पाण्याचा घोट घ्यावा तशी. मग तोंड भरत गेलं, जड आणि पिठूळ, आणि जीभ टाळूला चिकटली. मागून जबड्यावर बोटं आली, एका गालावर चार, दुसऱ्यावर एक. ती लहान होती आणि जोर दांडगा होता. ताईनं डोळे फिरवून दाराकडे पाहिलं. टिटवी तिथेच होती, चार पावलांवर, तिचे दोन्ही हात दिसत होते. कानाशी एक लहान मुलगी मोजत होती, शाळेत पाढे म्हणतात त्या सुरात. तो आवाज ताईनं लगेच ओळखला, कारण तो तिचाच होता.

"बोल ना बाळ," मावशी म्हणाली. "कशाला भरून आलं?"

ताईला नाकानं श्वास घ्यावा लागत होता. तोंडातलं तापत चाललं होतं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मावशीनं ते पाणी पदरानं पुसलं. स्टुलावरच्या भांड्यात ताईचा चेहरा वाकडातिकडा दिसत होता, आणि हनुवटीपाशी एक छोटा हात, मनगटावर शाळेच्या गणवेशाची निळी बाही. बाहीच्या मागे काय होतं ते भांड्याच्या कडेपलीकडे गेलं होतं. ताईनं मान वळवून बघितलं नाही.

एकशे अठ्ठ्याण्णव. एकशे नव्याण्णव. दोनशे.

बोटं सुटली. तोंड रिकामं झालं, जीभ हलली, गार हवा आत गेली. आवाज थांबला होता. टिटवीनं दाराशी मान पुढे काढली होती.

आता बोलता येत होतं. पुढे ताईनं स्वतःला काहीही सांगितलं असलं तरी त्या क्षणी तिला हे पक्कं माहीत होतं. तिनं तोंड उघडलं आणि मावशीकडे पाहिलं. मावशीच्या धूसर डोळ्यांत मालकांच्या गुणी लेकीबद्दलचं कौतुक काठोकाठ भरलेलं होतं. तसं कौतुकानं तिच्याकडे बघणारं आता जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"काही नाही मावशी," ताई म्हणाली. "सहज आले होते. तुम्हाला बघावंसं वाटलं."

बोटं परत आली. कानाशी तो आवाज पुन्हा एकपासून मोजायला लागला, या वेळी सावकाश.

मावशीनं ताईचा हात थोपटला. "बघ गं चोरटे," ती म्हणाली, "तू एवढं करूनसुद्धा पोर आपल्या दाराशी आली. आभार मान तिचे."

टिटवी पुढे आली. तिनं ताईच्या डोळ्यांत पाहिलं, मग तिच्या हनुवटीकडे, आणि तिथे काहीतरी दिसल्यासारखी ती बराच वेळ बघत राहिली.

"आभारी आहे, ताई," ती म्हणाली. शब्द अगदी स्वच्छ आले, एकही जाड नव्हता.

ताईनं नुसती मान हलवली. तिचं तोंड आता खरोखरच उघडत नव्हतं.